अस्तापोवोच्या खिडकीबाहेर सोफिया: त्यांना आत का येऊ दिले नाही?

सांजवात:
लेव्ह टॉलस्टॉय आणि त्यांच्या पत्नी सोफिया यांच्या ताटातुटीविषयी एक शंका बरेच दिवस मनात घोळते आहे, ती जाणकारांपुढे मांडते. १८६२ मध्ये लग्न ठरले तेव्हा ते ३४ वर्षांचे आणि त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. आपल्यात आडपडदा नको म्हणून लग्नाआधीच त्यांनी आपल्या रोजनिशीच्या वह्या नियोजित वधूच्या हाती ठेवल्या; गावातल्या एका शेतकरी स्त्रीशी असलेल्या संबंधाचा उल्लेखही त्यांत होता. १९१० मध्ये, ८२ व्या वर्षी, तेच गृहस्थ फक्त स्वतःसाठी म्हणून एक वेगळी वही लिहून ती बुटात लपवू लागले, आणि सोफियांनी ती शोधून काढलीच. पुढे २८ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांनी घर सोडले, वाटेत न्यूमोनिया होऊन ते अस्तापोवो स्थानकात स्टेशनमास्तरांच्या घरी अंथरुणाला खिळले. खास गाडी करून आलेल्या पत्नीला मात्र शेवटच्या काही तासांपर्यंत दाराबाहेरच ठेवण्यात आले. (तारखा जुन्या रशियन दिनदर्शिकेच्या आहेत, आजच्या हिशेबाने १३ दिवस पुढे.) प्रकृतीचे कारण सांगितले गेले. ते खरे होते, की मृत्युपत्राची धास्ती होती?

जुनी वही:
दोन्ही कारणे होती, परंतु मृत्युपत्राचे पारडे जड होते असे माझे मत आहे. १८८३ मध्ये टॉलस्टॉयांनी सोफियांना कुलमुखत्यारपत्र दिले आणि जुन्या पुस्तकांचे प्रकाशन त्या स्वतः पाहू लागल्या. १८९१ मध्ये टॉलस्टॉयांनी १८८१ नंतरच्या लेखनावरील हक्क जाहीरपणे सोडले, पण आधीच्या पुस्तकांचे उत्पन्न घरात येत राहिले. तेरा बाळंतपणे, नवऱ्याच्या गिचमिड अक्षरातल्या हस्तलिखितांच्या रात्री जागून केलेल्या प्रती आणि एवढ्या मोठ्या घराचा कारभार हे सगळे ज्या बाईने ओढले, तिच्या पाठीमागे २२ जुलै १९१० रोजी टॉलस्टॉयांनी रानात, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसून मृत्युपत्रावर सही केली: हक्क धाकटी मुलगी साशा हिच्या नावे, आणि सारी व्यवस्था शिष्य चेर्तकोव्ह यांच्या हाती. शेतकरी स्त्रीची गोष्ट सोफियांना जन्मभर सलली तरी त्यांनी ती सोसली, कारण ती त्यांना सांगितलेली होती. ही सांगितलेली नव्हती. अस्तापोवोच्या त्या खोलीत कोणाला प्रवेश होता ते पाहा: साशा आणि चेर्तकोव्ह.

आडवाट:
वरील प्रतिसाद काहीसा एकांगी वाटला. २७ ऑक्टोबरच्या रात्री टॉलस्टॉयांना जाग आली ती अभ्यासिकेतल्या उजेडाने आणि कागदांच्या चाळवाचाळवीने. सोफिया झडती घेत होत्या. थोड्या वेळाने त्याच मेणबत्ती घेऊन दारात आल्या आणि त्यांनी तब्येतीची चौकशी केली. टॉलस्टॉयांना ते असह्य झाले. त्यांनी डॉक्टर माकोवित्स्की यांना उठवले आणि अंधारात तबेल्याकडे जाताना टोपीसुद्धा हरवली. मागे ठेवलेल्या पत्रात ४८ वर्षांच्या सहवासाबद्दल आभार होते. नवरा गेल्याचे कळताच सोफियांनी तळ्यात उडी घेतली आणि त्यांना ओढून बाहेर काढावे लागले. अशा अवस्थेतली व्यक्ती समोर आली तर रोग्याचे काय होईल, ही मुलांची भीती खोटी कशी म्हणावी? चेर्तकोव्ह यांना तर स्वतः टॉलस्टॉयांनीच तार करून बोलावले होते. मला खटकते ते वेगळेच: सोफिया स्थानकावर आल्या आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. भेट नको असे त्यांनी आधी म्हटले असले, तरी ती बाहेर थंडीत उभी आहे हे कळल्यावर ते काय म्हणाले असते, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता.

कोयनाकाठ:
उशीचा प्रसंग कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. सोफियांनी नवऱ्याच्या सवयीची एक लहान उशी सोबत आणली होती. टॉलस्टॉयांनी ती ओळखली आणि कुठून आली असे विचारले. थोरल्या मुलीने, तात्यानाने आणली, असे सांगून डॉक्टरांनी वेळ मारून नेली. ज्यांना नवरा-बायकोची लपवाछपवी नकोशी झाली होती, त्यांनीच आणखी एक भर घातली.

थोडे घरचे सांगतो. आमच्या आजोबांनी विहिरीलगतचे रान आजीच्या नकळत धाकट्या काकांच्या नावे केले होते, आणि बँकेसाठी सातबारा काढला तेव्हा ते उघड झाले. त्यानंतर महिन्याभरात आजोबा अतिदक्षता विभागात गेले. आजी मऊ भाताचा डबा मांडीवर धरून चार दिवस बाहेरच्या बाकावर बसली, काका रोज म्हणत, "आई, तुला बघून त्यांना त्रास होईल." पाचव्या दिवशी आत्या तिला हाताला धरून आत घेऊन गेली. आजोबांच्या तोंडावर मास्क होता. आजीने जमिनीचे नावही काढले नाही, एवढेच म्हणाली, "मला इचारलं असतं, तर मी न्हाई म्हनले असते व्हय?" आजोबांनी हात हलवला. ती खूण कबुलीची होती की तिला बाहेर जा म्हणण्याची, यावर आमच्या घरात अजून वाद होतो.

सांजवात:
सर्वांचे आभार. आजींचा प्रश्न वाचल्यावर माझ्या शंकेचे उत्तर मिळाले, असे म्हणता येणार नाही, पण ती शंका आता मी वेगळ्या शब्दांत मांडीन: सोफियांना खोलीत काय विचारायचे होते? त्यांना आत नेले तेव्हा टॉलस्टॉय मॉर्फिनमुळे बेशुद्ध होते. त्या खाटेशी गुडघे टेकून बसल्या आणि हळू आवाजात क्षमा मागत राहिल्या. ७ नोव्हेंबरला सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी सगळे संपले. त्यानंतर नऊ वर्षे त्या यास्नाया पोल्यानाच्या त्याच घरात राहिल्या. टॉलस्टॉयांची समाधी त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथल्या रानात, एका घळीच्या काठी आहे. सोफियांना मात्र कोचाकीच्या कौटुंबिक दफनभूमीत पुरले आहे.