पदवीनंतरचे महिने, घरातलं लग्न आणि हातातलं विणकाम: तुमचे अनुभव लिहा

साबुदाणा_वीण
काल माळा उपसला. सोसायटीत पाण्याच्या पाइपचं काम निघालंय, प्लंबर म्हणाला वरचं सगळं खाली काढा. त्यात एक जुनी नायलॉनची पिशवी निघाली. आत राखाडी स्वेटर. खांदे शिवलेले, एक बाही जोडलेली, दुसरी बाही अजून सुईवरच. सुया ॲल्युमिनियमच्या, १० नंबर, म्हणून गंज चढला नाही. स्टीलच्या असत्या तर मुंबईच्या हवेत लोकरीवर तांबडे डाग पडलेच असते.

बरोबर एक कागद होता. एका बाजूला मावशीच्या अक्षरात लग्नाची यादी: पत्रिका ३००, अक्षतांचे तांदूळ, मुंडावळ्या, "लालबागची माणसं वेगळी मोजणे". उलटून पाहिलं तर माझं अक्षर. "ओळ ४२, टाके ५८."

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

१९९७ ला बी.कॉम. झाले. बाबांची गिरणी १९८२ च्या संपात सुटली ती सुटलीच, नंतर ते वरळी सी फेसला एका बिल्डिंगवर रात्रपाळीचे वॉचमन होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे समुद्राचा वारा असा लागायचा की घरी आले की आधी चुलीपाशी (म्हणजे स्टोव्हपाशी) बसायचे. म्हणून स्वेटर घातला सुयांवर. त्या सहा महिन्यांत सकाळी टायपिंगचा क्लास, दुपारी बँकेचे फॉर्म, रविवारी बघायला येणारी मंडळी. घरात दिवसभर कुणी ना कुणी माझ्याबद्दल काहीतरी ठरवत असायचं. पण मी "थांबा, टाके मोजतेय" म्हटलं की सगळे गप्प. आत्यासुद्धा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढीच जागा माझी होती.

तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ माझं ठरलं. फेब्रुवारीतला मुहूर्त. दुसरी बाही राहिली. बाबांनी एकदाच विचारलं, "माझं कुठवर आलं गं?" मी म्हटलं, माहेरपणाला आले की करते. त्यांनी परत कधी विचारलं नाही.

तुमच्याकडे असं काही आहे का? ते दिवस, लग्नाची धांदल, हातातलं काम. लिहा ना.

कापूसकोंडी
अगं काय लिहिलंस. "टाके मोजतेय" अगदी अगदी!! माझी आजी हे वाक्य पाहुण्यांसमोर वापरायची. कुकर लावलाय, नंतर येते लिहायला

बोरिवली_स्लो
मी विणकाम घरी शिकलेच नाही, लेडीज स्पेशलमध्ये शिकले. १९९२ च्या ५ मे ला चर्चगेट-बोरिवली सुरू झाली ना, मी ९४ ला बी.एस्सी. करून फोर्टला एका ऑफिसात लागले तेव्हा आमच्या डब्यातला ग्रुप पक्का जमलेला होता. खिडकीच्या दोन मावश्या मटार सोलायच्या, एक देसाई मावशी मोजे विणायच्या. चार सुयांवर! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं ही बाई एवढ्या गर्दीत कुणाच्या डोळ्यात सुई घालणार. पण कोपर अंगाला चिकटवून विणायच्या, सुई बाहेर यायचीच नाही.

अंधेरी ते दादर एवढ्यात त्यांनी मला टाच वळवायला शिकवली. दोन आठवडे लागले. दादरला चढणाऱ्यांचा लोंढा आला की सुया टोपी लावून पर्समध्ये, महालक्ष्मीला परत बाहेर. माझं लग्न ठरल्यावर ग्रुपने डब्यातच केळवण केलं. रॉडला झेंडूच्या माळा, डब्यातून आणलेल्या पुरणपोळ्या, मांडीवर रुमाल पसरून ताट. मी रडायला लागले तर एक अनोळखी मुलगी, तिसऱ्या सीटवर बसलेली, तीही रडली. देसाई मावशींनी भेट दिली पिस्ता रंगाची कुंची आणि दोन मोजे. म्हटलं मावशी अजून लग्नच व्हायचंय! म्हणाल्या, "हात चालतोय तोवर करून ठेवते. नंतर तू कुठल्या गाडीला असशील कोण जाणे."

मुलगी ९८ ला झाली. तिने तीच कुंची घातली.

कापूसकोंडी
भात झाला. @बोरिवली_स्लो देसाई मावशी भेटतात का अजून?

बोरिवली_स्लो
नाही गं. रिटायर झाल्या आणि आमची गाडी एकच होती, पत्ता कुणाकडेच नव्हता. तेव्हा मोबाइल कुठे.

चौथा_मजला
मी पुरुष आहे, चालेल ना इथे? २००९ ला इंजिनियर झालो. कॅम्पसमधून नोकरी लागलेली पण मंदी होती, जॉइनिंगची तारीख पुढे पुढे. दहा महिने घरी. सकाळी वडील डबा घेऊन निघाले की मला जेवायला बसायचीसुद्धा लाज वाटायची.

त्यातच ताईचं लग्न मे महिन्यात. आईने रुखवताला क्रोशाचं तोरण घेतलं होतं करायला आणि मार्चमध्ये जिन्यात पडून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर. तोरणाची अकरा पानं व्हायची होती, चारच झालेली. आई संध्याकाळी ते डबड्यातून काढून नुसती बघत बसायची. एक दिवस मी म्हटलं, सांग, मी करतो. तिने डाव्या हाताने दाखवलं. साखळी, मुका खांब, खांब. पहिलं पान पाच वेळा उसवलं. माझा हात फार घट्ट, आकडा आतच जाईना. आई म्हणायची दोरा बोटावर सैल सोड, तो काही पळून जात नाही.

सातही पानं केली. लग्नात रुखवताच्या टेबलावर चिठ्ठी लावायची असते ना कुणी केलं त्याची, ताईने आईच्या नावाखाली माझंही नाव लिहिलं. ताईच्या सासूबाईंनी मला बोलावून घेतलं आणि पानाची कड उलटून बघितली. मागून गाठी दिसत नाहीत म्हणाल्या. नोकरी लागल्यावर बरीच कौतुकं झाली, पण ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

निशिगंधा_गोरेगाव
दादा 🙏 डोळे भरले

ओटीवरची
रुखवत आता कोण करतं पण? आमच्याकडे केटररच रेडीमेड आणून मांडतो, बैलगाडी आणि तुळशीवृंदावन थर्माकोलचं. परत घेऊन जातो.

कापूसकोंडी
@ओटीवरची भाड्याने रुखवत?? पहिल्यांदा ऐकलं

ओटीवरची
हो गं, दादरला सर्रास मिळतं.

चाळकरी_कुर्ला
माझं रुखवत तीन वर्षं चाललं होतं, कॉलेज सुरू असल्यापासून. सगळं पलंगाखालच्या ट्रंकेत. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी, आम्ही वरच्या मजल्यावर शिंद्यांकडे रात्रभर. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. सुती दोऱ्याचे रुमाल, टेबलक्लॉथ, सगळं गटाराच्या पाण्याने काळं. दोन-दोनदा ब्लीच केलं तरी डाग राहिले. पण ॲक्रिलिक लोकरीची शाल तीन पाण्यांतून काढून वाळत घातली आणि जशीच्या तशी. डिसेंबरात लग्न झालं तेव्हा रुखवतात एकटी ती शाल होती. आईने मागे उदबत्त्यांचं घर ठेवलं म्हणजे टेबल रिकामं दिसणार नाही. अजून वापरतो ती, एसीत.

नोटीस_बोर्ड
आमचं रजिस्टर लग्न. १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट, त्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. घरातून विरोध होता, जातीवरून. मी नुकतीच एम.ए. झालेले, मैत्रिणीकडे परळला राहत होते. ते ३० दिवस कसे काढायचे कळेना. रोज वाटायचं आज कुणीतरी हरकत घ्यायला येणार.

मैत्रिणीच्या आईने माझ्या हातात सुया आणि तीन गुंडे दिले. म्हणाल्या रोज इंचभर तरी वीण. साधी शाल, सुलट-सुलट, म्हणजे कडा गुंडाळत नाहीत आणि डोकंही लागत नाही. ६० टाके, रोज वीस ओळी. हरकत आली नाही. एकतिसाव्या दिवशी गेलो, तीन साक्षीदार लागतात, तिसरी साक्षीदार त्या काकूच. शाल मी माझ्या आईसाठी केली होती. चार वर्षांनी दिली. तिने काहीच न बोलता पायांवर घेतली आणि टीव्ही बघत बसली. त्या रात्री मी माहेरी राहिले.

निशिगंधा_गोरेगाव
काय बोलू 💛

परवा_साखरपुडा
मी आत्ता त्यातच आहे 😭 यंदा बी.एम.एस. झाले, नोकरी शोधतेय, डिसेंबरात लग्न. हॉल मिळत नाहीये कुठे! मुलुंड ते दादर सगळे विचारून झाले, मुहूर्ताच्या तारखा गेलेल्या. रोज आई आणि होणाऱ्या सासूबाई मला वेगवेगळे फोन करतात. मी यूट्यूबवर बघून मफलर सुरू केलाय, त्याच्यासाठी. पण तो दोन्ही बाजूंनी नळीसारखा वळतोय. काय चुकतंय?

साबुदाणा_वीण
@परवा_साखरपुडा बाळा काही चुकत नाहीये. एक ओळ सुलट एक ओळ उलट घेतेयस ना? त्या विणीचा स्वभावच वळायचा. दोन्ही कडांना चार-चार टाके सगळ्या ओळींत सुलट घे, सपाट बसेल. आणि सगळे गुंडे एकदमच घे, लेबलवरचा लॉट नंबर एकच बघून. नंतर आणायला गेलीस तर तोच रंग सांगूनही छटा वेगळी येते.

चौथा_मजला
हॉलसाठी मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळचं विचारा, किंवा सकाळचा मुहूर्त सोडून गोरज. आमच्या ताईला तसाच मिळाला. आणि डिपॉझिट परत कधी, कापणार किती, ते पावतीवर लिहून घ्या. आमचे पाच हजार तोंडी बोलण्यात गेले.

परवा_साखरपुडा
थँक्यू दादा, थँक्यू ताई. आज आई फोनवर होती तेव्हा म्हणून बघितलं, "थांब गं, टाके मोजतेय". खरंच थांबली!!

कापूसकोंडी
😂😂 चालतंय म्हणजे अजून

ओटीवरची
लोकर कुठून घेता सगळ्या? आमच्या इथलं दुकान बंद झालं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात

चाळकरी_कुर्ला
मी लुधियानाहून ऑनलाइन मागवते. हात लावून बघता येत नाही एवढंच दुःख.

बोरिवली_स्लो
@साबुदाणा_वीण बाहीचं काय ठरलं मग? बाबा आहेत ना?

साबुदाणा_वीण
आहेत गं, ८१ चे. काल संध्याकाळीच स्वेटर घेऊन माहेरी आले. खोलीच्या जागी टॉवर झालाय, अठराव्या मजल्यावर राहतात आता. मला वाटलं ओळखणार नाहीत. पिशवीतून काढल्याबरोबर म्हणाले, "आलं का माझं?" आणि अंगात घातला. छातीला सैल होतो, तेव्हाच्या मापाचा ना. डावा हात उघडा. तसेच बसलेत गॅलरीत.

त्या लॉटची लोकर मिळणं शक्यच नाही. पिशवीत अर्धा गुंडा आहे, तेवढ्यात कोपराच्या जरा वर जाईल, पुढचं गडद राखाडीत करणार. बाबांना विचारलं तर म्हणाले हाताला काय कळतंय रंगाचं.

आईने चष्मा लावून सुई हातात घेतलीय. कागदावर ५८ आहेत, तिला ५६ येतात. दोन टाके या सत्तावीस वर्षांत कुठेतरी सुटलेत. क्रोशाच्या आकड्याने खालून उचलायचे आहेत, पण कितव्या ओळीत गळलेत ते आधी सापडायला हवं. मी मध्ये काहीतरी विचारलं तर हाताने गप्प बस म्हणाली. परत पहिल्यापासून मोजतेय.

कापूसकोंडी
काकांना म्हणावं पंखा लावा, घाम येईल