मदत हवी आहे: उत्तर व्हिएतनामचे डोंगरी बाजार आणि ह्मोंग कापड (आई सोबत, दोघी शाकाहारी)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर, आई आणि मी व्हिएतनामला निघालोय. मुंबई-हनोई थेट विमानाची तिकिटं झाली, ई-व्हिसा (एकेरी प्रवेश, २५ डॉलर) आला. ‘हा लाँग बे’ आणि ‘बा ना हिल्स’ या नेहमीच्या पर्यटनस्थळांवरच्या इथल्या जुन्या चर्चा वाचल्या, पण ते आम्हाला करायचं नाहीये. आम्हाला उत्तरेचे डोंगरी बाजार आणि तिथलं कापड बघायचंय.

कारण आई. आयुष्यभर गोधड्या शिवत आलीये, नुसता टाका बघून कुणाच्या हातचा ते सांगते. ह्मोंग (तिथल्या डोंगरांत राहणारा एक समाज) बायका हेंपचा (भांगेच्याच झाडाच्या सालीचा) धागा काढून कापड विणतात, त्यावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात आणि मग निळीत बुडवतात, याचा व्हिडिओ तिने पाहिला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिची अट एकच: "दुकानात नेऊ नकोस, बाई विणत असेल तिथे ने."

आता घोळ सांगते. आमच्या वाट्याला एकच रविवार येतोय. लाओ काय भागातला बाक हाचा प्रसिद्ध बाजार रविवारी, ‘हा जियांग’ या प्रांताकडचा डोंग वानचाही रविवारी आणि मेओ वाकचाही! बाक हा आणि डोंग वान नकाशावर जवळ दिसतात, पण मधले घाट बघता एका दिवसात दोन्ही होणं अशक्य. बाक हाला फ्लॉवर ह्मोंग (ह्मोंगांचीच एक शाखा) बायकांचे रंगीत पोशाख आहेत, पण टूरवाल्यांची गर्दीही तितकीच म्हणतात. कुठला धरू?

एजंट तर ‘सापा’ या डोंगरी शहराशिवाय बोलतच नाहीत. तिथल्या कात काट गावात शिरायला तिकीट आहे. तिकीट काढून माणसांचं गाव बघायचं हे मला पटत नाही, पण कदाचित मी उगाच नाक मुरडत असेन. जाऊन आलेल्यांनी स्पष्ट सांगा.

जेवणाचं काय करायचं हाही प्रश्न आहेच. आई अंडंही खात नाही आणि या बाजारांचा मानाचा पदार्थ म्हणजे थांग को, घोड्याच्या मांसाचा रस्सा. शिवाय फोटो. अनोळखी बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरायला मला जड जातं, आणि आईला तर प्रत्येक काठाचा फोटो हवा असणार.

उंबरठा:
ताई, डोंग वान घ्या. कामानिमित्त काही वर्षं हनोईत होतो, दोन्हीकडे गेलोय. बाक हा वाईट नाही, पण काकूंना कापड बघायचंय ना? मग हा जियांगच. डोंग वानच्या वाटेवर, क्वान बाच्या पुढे लुंग ताम गाव आहे, तिथे ह्मोंग बायकांची हेंप विणकामाची सहकारी संस्था आहे. नोव्हेंबरात शेतात हेंप उभं दिसणार नाही, पण पुढचं काम चालू असतं: सालीचे तंतू टोकाला टोक जोडत जाणं, राखेच्या पाण्यात उकळून सूत पांढरं करणं, विणणं. कापडाला चकाकी आणायला बाई एका जड दगडावर उभी राहते आणि लाकडी ओंडक्यावर गुंडाळलेल्या कापडावरून तो दगड पायांनी डोलवते. हे काकूंना दाखवाच. मेलेल्या माणसाच्या अंगावर हेंपचं कापड नसेल तर पूर्वज त्याला ओळखत नाहीत अशी ह्मोंग लोकांची समजूत आहे. गिरणीचं कापड स्वस्तात मिळत असूनही ही कला टिकली, त्यामागे हेही एक कारण.

आणि एका रविवारसाठी जीव काढू नका. डोंग वानच्या पठारावर मागे सरकणारे बाजार आहेत. लुंग फिनचा बाजार वाघाच्या आणि माकडाच्या दिवशी भरतो, सा फिनचा सापाच्या आणि डुकराच्या. त्यांच्या पंचांगात बारा प्राण्यांचे बारा दिवस ओळीने येतात, म्हणजे बाजार दर सहाव्या दिवशी. या खेपेला रविवारी असेल तर पुढच्या खेपेला शनिवारी. होमस्टेवाल्यांना तुमच्या तारखा कळवून विचारा, एखादा नक्की सापडेल.

हनोईचं वांशिक संग्रहालय आधी बघा, सोमवारी बंद असतं. देशातल्या ५४ अधिकृत समाजांची ओळख एका ठिकाणी होते, आवारात एदे लोकांचं लांबलचक घरही उभं केलंय. अजून एक: जुलै २०२५ पासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय. बुकिंगवर तसा पत्ता दिसला तर दचकू नका.

चहाबिस्किट:
जेवणाचं सांगते. 'आन चाय' म्हटलं की शाकाहारी हे कळतं, पण माशाचा सॉस आणि डुकराची चरबी नको हे वेगळं सांगावं लागतं. व्हिएतनामीत छापलेला कागद जवळ ठेवा. तिथे खडकांच्या सापटीत मूठभर मातीत मका लावतात, त्याच्या वाफवलेल्या भरडीला मेन मेन म्हणतात. कोरडी लागते, घशाखाली उतरायला मेहनत आहे, म्हणून सोबत ठेचा न्याच. पाल्याच्या रंगांनी रंगवलेला पाचरंगी चिकट भात, टोफू, उकडलेला पाला मिळतो. नोव्हेंबरात कुट्टूची गुलाबी शेतं फुललेली असतील, त्याच्या पिठाचे वाफवलेले केक रस्त्यावर विकतात. ते घेताना अंडं-दूध आहे का विचारून घ्या.

घाटवाट:
स्कूटर घेऊ नका, कुणी कितीही भरीला घातलं तरी. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारानुसार निघतो आणि व्हिएतनाम १९६८ चा मानतं, म्हणजे तिथे तुम्ही विनापरवाना. ड्रायव्हरसकट गाडी करा.

सापा शहराबद्दल तुमचं नाक मुरडणं मला तरी रास्त वाटतं.

फोटोचं म्हणाल तर आधी बसा, कापड हातात घ्या, काकूंना त्यांच्याशी टाक्यांची खाणाखुणांनी चर्चा करू द्या. मग विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. घाटात पाठीवर फुलांची टोपली घेऊन लहान पोरं फोटोसाठी उभी असतात, त्यांना पैसे किंवा चॉकलेट देऊ नका, त्यापायी शाळा बुडतात. खरेदीत जपून: बाजारातले बरेच घागरे चीनहून आलेलं छापील पॉलिस्टर असतं. हाताने काढलेली मेणाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते, आणि नव्या निळीचा रंग बोटांना लागतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! बाक हा आणि सापा दोन्ही रद्द, ड्रायव्हरसह गाडी, रविवारी डोंग वान. सा फिनची तारीख विचारायला होमस्टेला मेल टाकलाय. लुंग तामजवळ मुक्कामासाठी नाम दाम हे दाओ लोकांचं गाव दिसतंय, मातीच्या भिंतींची घरं आणि औषधी पाल्याच्या गरम पाण्याचं स्नान. आई स्नानावर खूश आहे, पण गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. तिथे राहिलेल्या कुणी सांगाल का, कमोड आहे का, आणि झोपायची खोली माळ्यावर असते की खाली?