दोन माणसांपुरते खतखते (गोव्याकडची मिश्र भाजी) कसे करावे? मदत हवी आहे

नमस्कार. मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी गेल्यापासून फोंड्याच्या घरात आम्ही दोघेच उरलो असून, स्वयंपाक हे केवळ उरकण्याचे काम झाले होते. गेल्या श्रावणापासून मात्र रोज एक तरी पदार्थ सावकाश करायचा आणि जेवायला बसताना दिवसभरातली एखादी चांगली गोष्ट एकमेकांना सांगायची, असा नेम आम्ही धरला आहे. परवा यजमानांनी सांगितलेली गोष्ट एवढीच होती, की पेजेबरोबर मिठातले तोर (कोवळ्या कैऱ्या) मिळाले. (मला तेवढे पुरले.)

आता अडचण खतखत्याची आहे. सासूबाई चतुर्थीला ते मोठ्या टोपात करीत, अंदाजानेच. सुरण, रताळे, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, तूरडाळ आणि नारळाचे वाटण हे सारे दोघांपुरते किती घ्यावे? शिवाय वाळलेल्या तिरफळांतल्या काळ्या बिया काढून, साली ठेचून घातल्या, तरी गेल्या खेपेस कडवटपणा उतरलाच. साली अगदी शेवटी घालाव्यात, की वाटणाबरोबर उकळू द्याव्यात? सुरण घशाला खाजू नये म्हणून आमसुले किती लागतील, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.