मदत हवी आहे : धेंपो क्लबची विजेतेपदे फलकावर कशी मांडावीत?

फोंड्यातील आमच्या वाचनालयाच्या क्रीडा-प्रदर्शनासाठी मी धेंपो स्पोर्ट्स क्लब या गोव्यातील फुटबॉल क्लबच्या विजेतेपदांचा फलक तयार करत आहे. क्लबने २००४-०५ व २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, तर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये आय-लीग जिंकली. काही ठिकाणी ही पाचही विजेतेपदे 'राष्ट्रीय लीग' या एकाच शीर्षकाखाली दिलेली असतात, तर काही ठिकाणी दोन स्वतंत्र रकाने असतात. स्पर्धेचे नाव व स्वरूप २००७ मध्ये बदलले असले, तरी देशातील सर्वोच्च लीग तीच होती, म्हणून माझा कल एकत्र मोजण्याकडे आहे. २००४ चा फेडरेशन चषक आणि २००६ चा ड्युरँड चषक यांबाबत अडचण नाही. क्लबचा खेळाडू रँटी मार्टिन्स याचे २०११-१२ च्या आय-लीगमधील ३२ गोल वैयक्तिक विक्रम म्हणून वेगळे दाखवणार आहे.

खरा पेच गोव्यातील लीगचा आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळली. परंतु त्यांतून सलग यादी जुळत नाही. संकेतस्थळांवरील याद्या आधारासह नसल्याने त्या मला वापरायच्या नाहीत. पोर्तुगीज वा इंग्रजी साधन असले तरी चालेल.

तेव्हा, गोवा लीगच्या विजेत्यांची हंगामवार छापील यादी कोणत्या स्मरणिकेत वा अहवालात मिळेल, आणि गोव्यातील लीग व्यावसायिक स्वरूपात (गोवा प्रोफेशनल लीग) सुरू होण्यापूर्वीची विजेतेपदे त्याच रकान्यात धरावीत का?