बाळंतपणानंतर पोटात फट, क्रंचेस करू का?

फोंड्याहून विचारतेय. बाळ रांगायला लागलं तरी पोट पुढेच. उताणी झोपून मान उचलली की बेंबीच्या वर मधोमध उंचवटा येतो, तिथे तीन बोटं आत जातात. सासूबाई म्हणतात पट्टा घट्ट बांध. क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) सुरू करू का?

— आत्ता क्रंचेस नकोच गं! मलाही हेच झालं होतं. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंना जोडणारी मधली पट्टी गरोदरपणात ताणली जाते. आतून दाब पडला की तिथेच फुगते. फिजिओने मला श्वासापासून सुरुवात करायला लावली. श्वास सोडताना बेंबी हळूच आत, लघवी रोखतो तसे खालचे स्नायू वर. अंथरुणातून थेट उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधाराने. पाण्याची कळशी उचलताना श्वास कोंडू नकोस. माझी फट पूर्ण मिटली नाही, पण पोटात जोर आला, कंबरदुखी गेली.

— पट्ट्याने आधार मिळतो, स्नायू बळकट होत नाहीत. आवळून तर मुळीच बांधू नकोस.

— बेंबीपाशी गाठ दुखते का? हर्निया असू शकतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) सर्जनना दाखवून ये, व्यायाम नंतर.