शब्दचर्चा : झील धरणे आणि री ओढणे

परळकर
शाहिरी कार्यक्रमांच्या पत्रिकांत हल्ली मुख्य शाहिराच्या नावाखाली ‘कोरस’ छापतात. आपला शब्द ‘झील’, म्हणजे मागच्या साथीदारांनी शाहिराची ओळ उचलून धरणं. पण ‘झील ओढणे’ आणि ‘री ओढणे’ हे बोलताना एकाच अर्थाने येतात : दुसऱ्याच्या होला हो करणे. मग १ मेच्या पत्रिकेत ‘झील’ छापलं तर साथीदारांना कमी लेखल्यासारखं होईल का? या दोन शब्दांत फरक आहे का?

घाटकोपर
छापाच. झील हे कामाचं नाव आहे आणि काम अवघड आहे.

संचात पुढे शाहीर, हातात डफ. त्याच्या खांद्यामागे तुणतुणेवाला, झांजवाला आणि जमल्यास एक-दोन नुसते झिलकरी. तुणतुण्याची एकच तार षड्जाला, म्हणजे ‘सा’ला लावलेली असते. तो षड्ज शाहिराच्या कानाशी राहावा म्हणून तुणतुणेवाला लांब उभा करत नाहीत. शाहीर चौकातली (कडव्यातली) ओळ टाकतो, शेवटचे दोन-तीन शब्द मागचे उचलतात, ‘जी जी रं जी’वर ताणतात आणि पुन्हा त्याच्या हाती देतात. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, समोरच्या माणसांकडे बघतो, पुढची ओळ ठरवतो. झील नसेल तर लांब पोवाडा एका गळ्याला पेलत नाही.

झील लवकर पडली तर शाहिराचा शेवटचा शब्द गिळला जातो, आणि निषेधाच्या गाण्यात नेमका तोच शब्द मोलाचा असू शकतो : मजुरीचा आकडा, गावाचं नाव, मेलेल्या माणसाचं नाव. म्हणून जाणता रचनाकार आकडा आणि नाव ओळीच्या मध्यावर ठेवतो आणि ओळ आकारावर किंवा ईकारावर मोकळी सोडतो. व्यंजनावर तुटणारा शब्द ताणता येत नाही, त्याला ‘रं’ नाहीतर ‘जी’ जोडावा लागतो.

दुसरी चूक पट्टीची. शाहीर वरच्या षड्जाजवळ गातो, कारण ध्वनिवर्धक नसताना आवाज मैदानाच्या टोकाला पोचवायचा असे. पण पालुपदही तिथेच चढवलं तर संच गाईल, मैदान गाणार नाही. पालुपद मधल्या सप्तकात, पाच-सहा सुरांत बसवायचं. गिरणीतून दमून आलेल्या माणसाला ते पहिल्या दोन फेऱ्यांत उचलता आलं पाहिजे.

दादर पूर्व
मला वेगळीच गोष्ट टोचते. ‘री’ एकटी नाही. पालुपद लावणे, तेच तुणतुणे वाजवणे, स्वतःची टिमकी वाजवणे, एखाद्याचे पोवाडे गाणे, तमाशा करणे. लोककलेतले शब्द बोलण्यात आले की हिणकस होतात. उलट सूर जुळणे, समेवर येणे, मैफल रंगणे हे सगळं मानाचं. डफ, हलगी, तुणतुणं आणि तमाशा ज्या समाजांच्या हाती होते त्यांच्याकडे गाव कसं बघत होतं, ते या वाक्प्रचारांत गोठलेलं आहे. महार, मांग, कोल्हाटी यांची कला ऐकायची आणि तिचं नाव शिवीसारखं वापरायचं.

कुर्ला
सगळं तिथे नेऊ नका. ‘तेच पुराण लावणे’, ‘प्रवचन झोडणे’ हेही हिणकसच आहेत, आणि पुराणिक कुणी गावकुसाबाहेरचा नव्हता. भाषा इथे पुनरावृत्तीला नावं ठेवते. तुणतुणं एका तारेचं म्हणून ‘तेच तुणतुणं’. यात वाद्याचा आवाज आहे, जात नाही.

दादर पूर्व
पुराण आणि प्रवचन मान्य. तुणतुण्याचंही मान्य. ‘तमाशा करणे’ मात्र मान्य नाही. तिथे पुनरावृत्तीचा संबंधच येत नाही, चारचौघांत शोभा होणे हा अर्थ आहे.

कुर्ला
‘तमाशा’पुरतं तुमचं बरोबर. मूळ अरबी-फारसी शब्दात बघण्याजोगी गोष्ट एवढंच आहे, हिणकसपणा आपल्याकडे जास्त चढला.

भायखळा
म्हणूनच ‘जलसा’ या शब्दाकडे बघा. अरबी ज-ल-स म्हणजे बसणे, ‘मजलिस’ही त्याच धातूची. मराठीत आधी गाण्याची बैठक या अर्थाने रुळला. सत्यशोधक समाज १८७३ला पुण्यात स्थापन झाला, पुढे त्या चळवळीचे जलसे निघाले, त्यानंतर आंबेडकरी जलसे. सांगाडा तमाशाचाच : गण, गौळण, बतावणी, वग. आशय बदलला आणि नावही बदललं. ‘तमाशाला चला’ आणि ‘जलशाला चला’ यांत घरातल्या बायकांना कुठे नेता येईल याचा फरक होता. शाहीर (मूळ अरबी ‘शाइर’, कवी) आणि झील या दोन शब्दांना मात्र पर्याय शोधावा लागला नाही.

लालबाग
परळकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका छक्कडीत, म्हणजे लावणीच्याच एका प्रकारात दिसतं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ला लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मुंबईत घुमली. सुरुवात सरळ लावणीची. मुंबईत पोटासाठी आलेला नवरा, गावाला राहिलेली बायको, तिच्या रूपाचं वर्णन. गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांत हीच स्थिती होती, त्यामुळे पालुपद मैदान लगेच उचलतं. मग मुंबईची श्रीमंती आणि मजुराचे हाल येतात. आणि शेवटाकडे गाणं वळतं : जशी मैनेची ताटातूट तशीच महाराष्ट्राची, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात. पालुपदातला एकही शब्द बदललेला नाही. पण आता तीच ओळ म्हणताना लोक सीमाभागाबद्दल बोलत असतात.

हा वळसा शाहीर समजावून सांगत बसला असता तर भाषण झालं असतं. इथे आधी चार वेळा स्वतःच्या बायकोसाठी म्हटलेली ओळ पाचव्या वेळी माणूस स्वतःच्याच तोंडाने राज्यासाठी म्हणतो. अर्थ त्याच्या तोंडात बदलतो. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६०ला झाला, बेळगाव आणि कारवार बाहेर राहिले, आणि म्हणून ती ओळ आजही म्हणताना थांबल्यासारखी वाटत नाही.

री ओढणारा पुढच्याचं मत जसंच्या तसं परत देतो. झील धरणारा ओळ जिवंत ठेवतो, पुढचा चौक येईपर्यंत. माझ्या मते फरक इथे आहे.

घाटकोपर
आणि घोषणेपेक्षाही झील वेगळी आहे. घोषणेलाही पुढचा-मागचा असतो, पण तिला चाल नसते, ती मोर्च्याबरोबर संपते. चाल असलेली ओळ माणूस घरी नेतो, नळावर म्हणतो, गिरणीत साच्यावर (मागावर) म्हणतो, पोरांना ऐकू जाते. मोर्चाला न आलेल्या माणसापर्यंत ती अशी पोचते. ज्या गाण्याला झील नाही, नुसतं चांगलं काव्य आहे, ते पुस्तकात राहतं, हे मी नि:शंकपणे म्हणेन.

कुर्ला
‘कोरस’बद्दलही बोलायला हवं. कोरसात सगळे मिळून ठरलेला भाग गातात. झील शाहिराच्या ओळीवर अवलंबून असते. त्याने चौक लांबवला, मध्येच समोरच्या घटनेवर ओळ जोडली, तरी मागच्यांना ती पकडावी लागते. त्यामुळे ‘कोरस’ हे भाषांतर म्हणूनही चुकीचं आहे.

परळकर
मग पत्रिकेत असं देतो : शाहीर व डफ, तुणतुणे, झांज, झील. माणसांचा उल्लेख करताना ‘झिलकरी’, पहिली वेलांटी ऱ्हस्व.

घाटकोपर
बरोबर. फक्त तुणतुणेवाल्याचं नाव दोन ठिकाणी घाला, तोही झील धरतो. आणि डफ आदल्या रात्री मोकळ्यावर ठेवू नका. आपल्या हवेत दमटपणाने कातडं सैल पडतं, थाप बसकी येते. सुरू करण्याआधी कागद पेटवून लांबून शेकून घ्या. फार जवळ धरलं तर कातडं कडेला तडकतं.