व्यापारी विभागातून 'डाउनटाउन' विभागात: मराठीत कसे म्हणावे?

विचारणा (मुलुंडहून)

अमेरिकेतल्या एका शहराच्या नगररचनेविषयीचा मजकूर मराठीत आणताना मी एका वाक्यापाशी दोन दिवस अडकून पडलो आहे. चारी बाजूंनी रस्ते असलेला एक 'ब्लॉक' 'कमर्शिअल' झोनमधून, म्हणजे जमिनीच्या वापरासाठी आखलेल्या एका विभागातून, 'डाउनटाउन' झोनमध्ये न्यावा, एवढाच त्याचा आशय. 'डाउनटाउन'साठी 'शहराचा मध्यवर्ती व्यापारी भाग' असे लिहिले, की व्यापारी विभागाचा व्यापारी विभाग केल्यासारखे होते आणि मग बदलले काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

प्रतिसाद (गिरगावहून)

'झोन' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ कंबरपट्टा, म्हणूनच भूगोलात आपण 'उष्ण कटिबंध' शिकलो. नगररचनेत ती कंबर सुटली आणि 'विभाग' किंवा 'क्षेत्र' हे शब्द रूढ झाले. जमिनीचा विभाग बदलण्याच्या क्रियापदासाठी तर नवे काही घडवण्याची गरजच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली विकास योजनेत जे फेरबदल होतात, त्यांच्या सूचनांमध्ये 'औद्योगिक विभागातून वगळून निवासी विभागात समाविष्ट करणे' अशी रचना येते. ती कानाला रुक्ष लागली तरी जमीन कोठून निघाली आणि कोठे गेली हे दोन्ही सांगते. 'आरक्षण बदलणे' मात्र येथे लिहू नये, कारण आरक्षण शाळा, मैदान, रुग्णालय अशा सार्वजनिक प्रयोजनासाठी असते. 'बिनशेती करणे' तर त्याहून दूरचे.

खरी अडचण 'डाउनटाउन'ची आहे. न्यूयॉर्क मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे वाढत गेले, त्यामुळे दक्षिणेचा जुना, गजबजलेला भाग 'खालचा' ठरला आणि पुढे जेथे उतार वा दक्षिण यांचा संबंध नाही अशा शहरांतही तोच शब्द गेला. नगररचनेच्या नियमांत त्याचा अर्थ निव्वळ व्यापार असा राहत नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत साध्या कमर्शिअल विभागात दुकान मागे आणि गाड्यांचे मोकळे आवार पुढे असते. डाउनटाउन विभागात इमारत पदपथाला भिडते, दुकानांवर घरे चालतात आणि वाहनतळाची सक्ती पुष्कळदा शिथिल असते. 'खाली दुकान, वर बिऱ्हाड' ही काळबादेवीची रीतच तेथे नियमात बसवलेली दिसते. वस्तू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला विभागाचे नाव तेवढे नाही. मी 'नगरकेंद्र विभाग' सुचवतो.

प्रतिसाद (दादरहून)

'नगरकेंद्र' चालेल, 'मध्यवर्ती' नको. मुंबईचे जुने व्यापारकेंद्र फोर्ट हे शहराच्या दक्षिणेला आहे आणि नकाशावरचा मध्य शोधायला गेलो तर आम्ही दादर-परळकर सापडतो. उपनगरातले लोक 'टाउनला जातो' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तोच दक्षिणेचा भाग असतो, त्यामुळे 'टाउन विभाग' म्हणण्याचा मोह होतो खरा. पण नागपूरच्या वाचकाला त्यातून काहीच कळणार नाही.

'ब्लॉक'कडेही पाहावे. चाळीत वाढलेल्या माणसाला 'ब्लॉक' म्हणजे आत संडास असलेली स्वतंत्र जागा वाटते, लोकलने फिरणाऱ्याला रविवारचा मेगाब्लॉक आठवतो, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'जी ब्लॉक'ची सवय असलेल्यालाच तुम्हाला अभिप्रेत असलेल्या अर्थाच्या जवळ जाता येते. 'भूखंड' म्हटले तर एकच प्लॉट असा समज होतो. पहिल्या उल्लेखात 'चार रस्त्यांमधील भूखंडसमूह' लिहावे आणि पुढे नुसते 'समूह' म्हणावे.

विचारणाऱ्याचे उत्तर

दोघांचेही आभार. 'व्यापारी'ऐवजी 'वाणिज्य' घेतो, कारण कार्यालये आणि बँकाही त्यात येतात आणि 'व्यापारी' हा शब्द माणसालाही लागतो. वाक्य आता असे झाले आहे: 'चार रस्त्यांमधील हा भूखंडसमूह वाणिज्य विभागातून वगळून, दुकानांवर घरांना मुभा असलेल्या नगरकेंद्र विभागात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव आहे.' मूळ वाक्यापेक्षा ते बरेच लांबले, पण 'मग बदलले काय?' हा प्रश्न आता उरत नाही. पहिल्या उल्लेखानंतर मधले विशेषण गाळीन.